नवे ड्रम सॉफ्टवेअर घ्यावे का? सात तक्रारी आणि एक निर्णय

घरातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्या एका संगीतकाराचे हे प्रकरण आहे. ते नमुन्यादाखल बांधलेले आहे. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या अडचणी एकाच गाण्यात आणून ठेवल्या आहेत, म्हणजे त्या एकमेकींत कशा गुंततात ते दिसेल.

गिटार, बेस आणि गायन त्याचे स्वतःचे. ड्रम संगणकातल्या लायब्ररीचे, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या ठोक्यांच्या संचाचे. गाणे चार मिनिटांचे, चार-चारच्या मापात, गती मिनिटाला ९२ ठोके. ड्रमचा बराचसा भाग छोट्या कीबोर्डवर वाजवून आणि माउसने नोट टाकून केलेला; शेवटचे कडवे आणि कोरस एका मित्राने इलेक्ट्रॉनिक ड्रम किटवर वाजवून दिलेले. संगणकात १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि त्यात ७० जीबी मोकळी. शिवाय जुनी, फिरत्या तबकडीची एक बाहेरची हार्ड डिस्क. हातातली लायब्ररी सहा जीबीची, स्टिकने वाजवलेल्या एकाच किटची.

मिक्स करायला बसल्यावर ड्रम खोटे वाटू लागले. लायब्ररी जुनी झाली, मोठी घेतली की प्रश्न मिटेल, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. डोळ्यांसमोर सुपिरियर ड्रमर ३ च्या आकाराची लायब्ररी होती. २०१७ साली आलेल्या त्या सॉफ्टवेअरचा पूर्ण ध्वनिसंच २३० जीबीच्या आसपास जातो.

‘ड्रम खोटे वाटतात’ एवढ्या वाक्यावर काहीच विकत घेता येत नाही. म्हणून पहिले काम लिहिण्याचे झाले. गाणे तीन वेळा ऐकायचे, जिथे खटकेल तिथे थांबायचे आणि मिनिट-सेकंदासह काय खटकले ते कागदावर उतरवायचे. यादीत सात गोष्टी आल्या:

१. फिलमधला (गाण्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या छोट्या तुकड्यातला) स्नेअर, म्हणजे खणखणीत मुख्य ड्रम, मशीनगनसारखा वाजतो.
२. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) गाणेभर एकसुरी आहे.
३. किटवर वाजवलेल्या भागात हाय-हॅटचे काही ठोके ऐकूच येत नाहीत.
४. कोरसमध्ये किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) गायब होते.
५. ड्रम गिटारच्या खोलीत नाहीत, कानाला चिकटल्यासारखे वाटतात.
६. कीबोर्डवर वाजवताना आवाज उशिरा येतो.
७. क्रॅशचा (मोठ्या झांजेचा) नाद मध्येच तुटतो.

यातली प्रत्येक तक्रार तीनपैकी एका जागची असू शकते: नोटमध्ये, मिक्स आणि सेटिंगमध्ये किंवा लायब्ररीत. नवीन खरेदी फक्त तिसऱ्या जागेवर काम करते. बाकीच्या दोन जागांचे दुखणे नव्या लायब्ररीत जसेच्या तसे सोबत येते, आणि तेव्हा ते ‘आजार रेड्याला, औषध पखालीला’ असे होऊन बसते.

हरवलेले ठोके

सुरुवात तिसऱ्या तक्रारीपासून केली, कारण ती हो-नाहीत तपासता येते. डीएडब्ल्यूमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग आणि मिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये, किटच्या ट्रॅकची इव्हेंट यादी उघडली. ठोके रेकॉर्ड झालेले होते, पण त्यांच्या नोटचे क्रमांक २२ आणि २६ होते.

मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक एकमेकांना नोट पाठवतात ती पद्धत. जनरल मिडी या तिच्या १९९१ सालच्या मानकात ड्रमची मांडणी ३५ पासून ८१ पर्यंत आहे: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाने मिटलेली ४४, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. रोलंड पद्धतीचे किट याच्या पलीकडेही नोट पाठवतात. हाय-हॅटच्या कडेवर स्टिक पडली तर बंदसाठी २२ आणि उघडीसाठी २६. स्नेअरच्या कडेसाठी ४०. जुन्या लायब्ररीला २२ आणि २६ ठाऊकच नव्हते, म्हणून ती गप्प राहिली. मित्राने कोरसमध्ये जोर लावून कडेवर मारले होते. म्हणजे जे ठोके सगळ्यांत ठसठशीत हवेत, नेमके तेच गेले. ४० क्रमांक जनरल मिडीत ‘इलेक्ट्रिक स्नेअर’ आहे. त्या जागी लायब्ररीत दुसराच, पातळ स्नेअर बसवलेला होता. कोरसमधला स्नेअर अधूनमधून ‘बदलतो’ हे तोवर कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

उपाय पाच मिनिटांचा. नोट बदलणारा मिडी प्लगइन ट्रॅकच्या सुरुवातीला लावून २२ ला ४२ वर, २६ ला ४६ वर आणि ४० ला लायब्ररीच्या रिमशॉटच्या (कातडे आणि कड एकदम मारलेल्या ठोक्याच्या) नोटवर पाठवले. मूळ रेकॉर्डिंगला हात लावला नाही. पुढे कडेचा वेगळा आवाज असलेली लायब्ररी आली, तर २२ आणि २६ हेच क्रमांक कामी येतील. नोटची नावे पाहून मात्र हे काम करू नये. ३६ क्रमांकाला एक सॉफ्टवेअर सी१ म्हणते, दुसरे सी२. क्रमांकच पाहावा.

मशीनगन

स्नेअरची तक्रार सर्वांत ठळक होती, आणि ‘लायब्ररी जुनी’ या समजाचे मूळही तीच. फिल उघडून पाहिले तर सिक्स्टीन्थ (पाव ठोक्याच्या) नोटची रांग, प्रत्येकीची व्हेलॉसिटी, म्हणजे १ ते १२७ मधला जोर, ११२, प्रत्येक नोट ग्रिडच्या रेघेवर. ९२ च्या गतीला दोन सिक्स्टीन्थमधले अंतर १६३ मिलिसेकंद असते. एवढ्या जवळून तोच आवाज त्याच जोराने आला की कान लगेच ओळखतो.

पण दोष नोटचा किती आणि लायब्ररीचा किती, हे अंदाजाने ठरवायचे नव्हते. लायब्ररीत खरोखर काय भरले आहे ते मोजता येते.

राउंड रॉबिन, म्हणजे एकाच जोराचे आलटून पालटून वाजणारे ठोके, मोजायचे असे: लायब्ररीतले कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट), रिव्हर्ब (घुमारा) आणि पिच-व्हॉल्यूम आपोआप हलवणारी सोय बंद करायची. व्हेलॉसिटी १०० चे १६ ठोके दोन-दोन सेकंदांच्या अंतराने टाकायचे आणि ऑडिओ फाइल काढायची. फाइलचे १६ तुकडे करून पहिला तुकडा एका ट्रॅकवर, दुसरा त्याच्याखाली दुसऱ्या ट्रॅकवर, सुरुवात अगदी जुळवून ठेवायचा आणि एकाची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटवायची. दोन्ही एकच सॅम्पल, म्हणजे एकच रेकॉर्ड केलेला ठोका, असतील तर पूर्ण शांतता मिळते. वेगळे असतील तर काहीतरी उरतेच. मग पहिला आणि तिसरा, पहिला आणि चौथा. इथे पहिला आणि चौथा एकमेकांना पुसून गेले. म्हणजे राउंड रॉबिन तीन. काही लायब्ररी क्रमाने न जाता मनमानीने सॅम्पल निवडतात. तिथे सगळ्या जोड्या तपासाव्या लागतात.

व्हेलॉसिटीचे लेयर, म्हणजे वेगवेगळ्या जोरासाठी वेगळी घेतलेली सॅम्पल, मोजायला १ ते १२७ असे चढत्या जोराचे १२७ ठोके टाकायचे. दोन सेकंदाला एक धरला तर सव्वाचार मिनिटांची फाइल होते. प्रत्येक ठोका समान पीकवर आणून ऐकायचा, नाहीतर वाढता आवाज टोनमधल्या बदलाला झाकून टाकतो. टोन जिथे पायरीसारखा बदलतो, तिथे नवा लेयर. जुन्या लायब्ररीच्या स्नेअरला पायऱ्या ३१, ६२, ९० आणि ११३ वर सापडल्या. म्हणजे पाच लेयर.

या चार आकड्यांनी पुष्कळ उलगडा केला. ११२ ची सगळी रांग चौथ्या लेयरमध्ये होती. तीच ती तीन सॅम्पल फिरत राहिली, आणि खरा जोरकस पाचवा लेयर एका अंकाच्या अंतरावर पडून राहिला, गाणेभर एकदाही वाजला नाही. दुसऱ्या टोकाला घोस्ट नोट, म्हणजे मुख्य ठोक्यांमधले जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके, ४० वर ठेवलेल्या. त्या दुसऱ्या लेयरमध्ये जात होत्या, म्हणून नुसत्या ‘हळू मारलेल्या’ वाटत. स्टिक कातड्यावर जेमतेम टेकल्याचा आवाज ३० च्या खाली होता.

फिल नव्याने लिहिला. उजव्या हाताचे ठोके ९८ ते ११०, डाव्याचे ८४ ते ९४, मापाच्या पहिल्या ठोक्यावर आणि शेवटच्या दोनांवर ११५ ते १२०. अशा मांडणीत रांग तीन लेयरवर पसरते, त्यामुळे तीनऐवजी नऊ सॅम्पल वाट्याला येतात. घोस्ट नोट २२ ते २८. कडव्यातला मुख्य स्नेअर ग्रिडच्या सहा ते आठ टिक मागे सरकवला. एका ठोक्याचे ४८० टिक करणाऱ्या ग्रिडवर या गतीला एक टिक म्हणजे सुमारे १.४ मिलिसेकंद. ‘ह्यूमनाइझ’ बटण दाबून सगळ्या नोट इकडेतिकडे हलवण्याचा मोह इथे टाळावा. ड्रमरच्या हातातला फरक मनमानी नसतो. उजवा डाव्यापेक्षा जड असतो, दमाचा फिल शेवटाकडे किंचित पुढे पळतो, आणि हे दर वेळी त्याच दिशेने होते.

याच तपासात आणखी एक गोष्ट सापडली, आणि ‘खोटे’ वाटण्यात तिचा वाटा मोठा होता. दोन हातांचा टॉमचा फिल चालू असताना खालून हाय-हॅटची एट्थ नोट तशीच चालू होती. त्या जागी माणसाला तिसरा हात लागेल. ऐकणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण खटकते. फिलपुरती हाय-हॅट काढली, एका जागी पायाने मिटल्याचा ४४ ठेवला, आणि फिल एकदम मोकळा झाला.

एवढे केल्यावर मशीनगन गेली. दोन मापांचा लांब रोल जिथे आहे तिथे मात्र तीन राउंड रॉबिन कमी पडतात हे उरलेच. तक्रार पुसून न टाकता तिच्यासमोर ‘अर्धी’ लिहिले.

किक, खोली आणि तुटका क्रॅश

किकची चूक मिक्समध्ये होती. लायब्ररीच्या आतल्या मिक्सरमध्ये प्रीसेटबरोबर (तयार सेटिंगबरोबर)  आलेला कॉम्प्रेसर चालू होता, आणि डीएडब्ल्यूच्या ट्रॅकवर आणखी एक. दोन वेळा दाबलेल्या किकचा सुरुवातीचा टोला सपाट झाला होता. त्यात ‘वजन’ यावे म्हणून दुसऱ्या एका किकचे सॅम्पल वर चढवलेले, आणि त्याचा टोला ३ मिलिसेकंद उशिरा पडत होता. दोन सारखे आवाज ३ मिलिसेकंदांच्या फरकाने एकत्र आले की १६७ हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो, म्हणजे नेमका किकच्या अंगाला. आवाज वाढवला तरी भर का येत नव्हती, ते इथे कळले. वरचे सॅम्पल झूम करून जुळवले, आतला कॉम्प्रेसर बंद केला, आणि बेसला किकच्या टोल्यापुरते दोन-तीन डेसिबल मागे हटवले. किक परत आली.

खोलीची तक्रार सोडवायला लायब्ररीचे आउटपुट वेगळे करावे लागले: किक, स्नेअर वर, स्नेअर खाली, टॉम, ओव्हरहेड (किटवर टांगलेले माइक), रूम (खोलीतले लांबचे माइक). तेव्हा दिसले की या किटमध्ये रूम माइकची सॅम्पल होती, पण प्रीसेटमध्ये रूमचा फेडर पार खाली ओढलेला. मागून रिव्हर्ब लावून खोली शोधण्याचा खटाटोप चालला होता, आणि खोली लायब्ररीतच दाराआड उभी होती. ओव्हरहेड आधी वर आणून मग जवळचे माइक त्यात मिसळले, रूम कोरसमध्ये दोन डेसिबल वाढवली आणि स्नेअर व गिटार दोघांनाही पाऊण सेकंदाचा एकच छोटा रिव्हर्ब थोडा थोडा दिला. हे करताना एक पथ्य: ओव्हरहेड किंवा रूमचा ट्रॅक ‘जुळवण्यासाठी’ पुढे सरकवू नये. आवाज हवेतून १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. स्नेअरपासून मीटरभर वर टांगलेल्या माइकला तो जवळजवळ ३ मिलिसेकंद उशिराच पोहोचणार, आणि तो उशीर म्हणजेच खोली.

क्रॅश तुटण्याचे कारण लायब्ररीच्या सेटिंगमध्ये होते. एका वेळी वाजू शकणाऱ्या आवाजांची मर्यादा ३२ वर होती. माइक वेगवेगळे असले की एकच ठोका आठ-आठ आवाज खातो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या ठोक्यालाच आधीच्या क्रॅशची शेपटी कापली जात होती. मर्यादा वाढवताच नाद पूर्ण ऐकू आला.

उशीर बफरचा: संगणक आवाज जेवढ्या तुकड्यांत जमवून पुढे सोडतो, त्या तुकड्याच्या आकाराचा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २१.३ मिलिसेकंद, १२८ चा केला की २.७. वाजवताना लहान, मिक्स करताना मोठा. मोठी लायब्ररी प्रोसेसरवर आणि डिस्कवर ओझे वाढवते, तेव्हा ती घेतली असती तर ही तक्रार आणखी वाढली असती.

जे दुरुस्त झाले नाही

हाय-हॅट राहिली. नोट सुधारल्या होत्या: ठोक्यावर ९६, मधल्यावर ७०, कुठे कुठे उजवा हात हलका सुटल्यासारखा ५८. एकसुरीपणा कमी झाला. पण या गाण्यात कडव्याच्या शेवटच्या दोन मापांत हॅट हळूहळू उघडत जाऊन कोरसमध्ये फुटते, आणि हे जुन्या लायब्ररीत होतच नव्हते. तिच्यात बंद, अर्धी आणि उघडी अशा तीनच अवस्था आहेत. मित्राच्या किटने पेडलची जागा सीसी४ या कंट्रोलरवर सलग पाठवली होती. लायब्ररी त्या सलग रेषेचे तीन तुकडे करत होती. दोन मापांत तीन पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात. सॅम्पलच नसतील तर इक्यू (टोन बदलणारा इफेक्ट) किंवा व्हॉल्यूमने ती मधली जागा भरत नाही, कारण अर्धवट उघड्या हॅटमध्ये दोन सिंबल एकमेकांवर घासतात आणि तो सळसळता आवाज बंद किंवा उघड्या सॅम्पलमध्ये मुळातच नसतो.

म्हणजे सातपैकी पाच तक्रारी एक पैसा न खर्चता गेल्या, एक अर्धी उरली, एक जवळजवळ पूर्ण उरली. इथे ‘नको घ्यायला’ म्हणून फाइल मिटवता आली असती. पण एका गाण्यासाठी लायब्ररी कोणी घेत नाही. पुढच्या कामाची यादी मागितली तेव्हा सहा गाणी निघाली, आणि त्यातली दोन संथ, ब्रशची, म्हणजे स्टिकऐवजी तारांच्या कुंच्याने वाजवायची. जुन्या लायब्ररीत ब्रश नाहीत. स्टिकच्या सॅम्पलमधला वरच्या पट्टीचा आवाज कापून ब्रश होत नाही. ब्रश कातड्यावर गोल फिरतो, तो आवाज ठोक्याठोक्यांत सुटा नसून अखंड असतो, आणि चांगल्या लायब्ररीत त्या फिरण्याचे वेगवेगळ्या लांबीचे सॅम्पल वेगळे घेतलेले असतात. आमच्या मते खरेदीचे खरे कारण इथे मिळाले, आणि ज्या कारणाने प्रकरण सुरू झाले त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

कोणती, किती मोठी

पैसे देण्याआधी घरात काय आहे ते पाहावे. लॉजिक हा डीएडब्ल्यू वापरणाऱ्याकडे ब्रशने वाजवणारे ड्रमर २०१८ च्या १०.४ आवृत्तीपासून सोबतच येतात; त्याला या टप्प्यावर थांबता आले असते. इथल्या डीएडब्ल्यूत तशी सोय नव्हती. मोफत पर्यायांत स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५ ची मोफत आवृत्ती आणि मुक्त स्रोत असलेला ड्रमगिझ्मो, दोन्ही उतरवून घेतले. कोरसच्या जड भागाला पहिली खरोखर चांगली बसली. ब्रशचा प्रश्न मात्र त्यांनी सुटला नाही.

मग आकाराचा हिशेब. लायब्ररी इतकी जागा का खाते, ते एका स्नेअरवरून कळते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक माइक म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. माइक १२, ठोक्याची लांबी ५ सेकंद धरली तर एक ठोका ८.६ एमबी. ८ लेयर आणि प्रत्येकाला ६ राउंड रॉबिन, असे ४८ ठोके ४१५ एमबीवर जातात, आणि ही स्नेअरच्या फक्त मध्यावर मारण्याची गोष्ट झाली. रिमशॉट, साइडस्टिक, कड, रोल वेगळे. आकार वाढतो तो बहुतेक माइकच्या आणि खोल्यांच्या संख्येने. ज्याला सराउंड मिक्स करायचा आहे, किंवा ड्रमचा आवाज अगदी माइकपासून स्वतः घडवायचा आहे, त्याला ती संपत्ती लागते. घरच्या स्टीरिओ मिक्समध्ये ओव्हरहेड, एक जवळची रूम आणि एक लांबची एवढ्यावर काम भागते.

५१२ जीबीच्या एसएसडीत निदान १५ टक्के, म्हणजे ७७ जीबी मोकळी असावी असा हात राखला तर ७० जीबी मोकळ्या डिस्कवर खरे तर आधीच गर्दी झालेली आहे. २३० जीबीची लायब्ररी आत मावत नाही. तिचा संच तुकड्यांनी बसवता येतो हे खरे, पण तुकडाच बसवायचा असेल तर आकारासाठी पैसे कशाला मोजायचे? बाहेरच्या तबकडीच्या डिस्कवर ठेवली तर भरगच्च कोरसमध्ये डझनावारी सॅम्पल एकाच क्षणी डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलावी लागतात. तबकडीच्या डोक्याला प्रत्येक उडीला काही मिलिसेकंद लागतात आणि आवाज तुटू लागतो. म्हणजे मोठ्या लायब्ररीच्या किमतीत बाहेरची एसएसडीही धरावी लागते. शिवाय ५० मेगाबिटच्या जोडणीवर २३० जीबी उतरायला, वेग एकदाही न घसरता, दहा तास.

सुसंगतीची तपासणी थोडक्यात पण वगळू नये अशी. प्लगइनचा प्रकार डीएडब्ल्यूला चालतो का: प्रो टूल्स फक्त एएएक्स घेते, लॉजिक एयू. संगणकाची प्रणाली लायब्ररीला चालते का. परवाना किती संगणकांवर, इंटरनेटशिवाय चालू होतो का, पुढे दुसऱ्याला विकता येतो का. जोड-संच कशात उघडतात हेही: टूनट्रॅक या सुपिरियर ड्रमरच्या कंपनीचे ईझीएक्स संच तिच्या लहान ईझीड्रमरमध्ये आणि सुपिरियर ड्रमरमध्येही चालतात, पण एसडीएक्स संच फक्त सुपिरियरमध्ये. लहान घेऊन पुढे मोठ्याकडे जाणाऱ्याचे संच वाया जात नाहीत; उलट दिशेने मात्र जाता येत नाही.

ऐकण्याची चाचणी

उमेदवार म्हणून ब्रशचा जोड-संच असलेली एक मध्यम आकाराची लायब्ररी उरली. तिची चाचणी आवृत्ती घेऊन आठ मापांचा एकच तुकडा तीन ठिकाणी वाजवला: दुरुस्त केलेली जुनी, मोफत आणि उमेदवार. उत्पादकाच्या नमुना गाण्यांवर निर्णय घेऊ नये. त्यात ड्रमइतकीच मिक्स करणाऱ्याची करामत असते.

अशी तुलना फसण्याच्या तीन जागा आहेत. पहिली मोठेपणाची: जो नमुना एक-दोन डेसिबल मोठा, तो ‘जिवंत’ वाटतो. म्हणून तिन्ही फाइलींचा लाउडनेस मीटरवर पाहून अर्ध्या डेसिबलच्या आत आणला. दुसरी जागा प्रीसेटची: नव्या लायब्ररी उघडताक्षणी चकचकीत मिक्स केलेला आवाज देतात. आतले सगळे इफेक्ट बंद करूनच तुलना केली. तिसरी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. व्हेलॉसिटी ९० चा अर्थ प्रत्येक लायब्ररीत वेगळा असतो. एकीत तो मध्यम ठोका, दुसरीत जवळजवळ पूर्ण जोर. एका लायब्ररीच्या पायऱ्या पाहून लिहिलेल्या नोट दुसरीत घातल्या की दुसरी हरणारच. म्हणून प्रत्येकीचा व्हेलॉसिटी कर्व्ह आधी असा लावला, की घोस्ट नोट सर्वांत हलक्या लेयरमध्ये आणि मुख्य स्नेअर वरून दुसऱ्या लेयरमध्ये पडेल. नोटची मांडणीही तपासली. रिमशॉटच्या जागी काऊबेल वाजत असेल तर तुलनेला अर्थ नाही.

फाइलींना अ, ब, क नावे दुसऱ्याने दिली. तीन वेगवेगळ्या वेळी ऐकले: एकदा ड्रम एकटे, दोनदा गिटार-बेससह, त्यातले एकदा छोट्या स्पीकरवर. एकट्या ड्रमवर उमेदवार सरळ जिंकला, सिंबलच्या शेपटीवरून लगेच ओळखू आला. गाण्यात मात्र कडव्याच्या चार मापांत जुनीला उमेदवार आणि उमेदवाराला जुनी समजण्याची चूक सलग दोन वेळा झाली. हॅट उघडत जाते त्या दोन मापांत चूक एकदाही झाली नाही. ब्रशसाठी तुलना करायलाच दुसरे काही नव्हते.

निर्णय झाला तो असा: मध्यम लायब्ररी आणि तिचा ब्रश संच घ्यायचा, मोठी नाही. चालू गाण्याच्या ड्रमला नवी लायब्ररी फक्त हाय-हॅटपुरती लावायची. किक, स्नेअर आणि टॉम जुनेच ठेवायचे. दोन लायब्ररींची हॅट आणि किट एकत्र करताना नव्या हॅटच्या ओव्हरहेड आणि रूमचा आवाजही घ्यावा लागतो, नाहीतर हॅट किटबाहेर उभी राहून वाजल्यासारखी ऐकू येते.

बसवताना

नवी लायब्ररी उघडण्याआधी जुन्या सगळ्या गाण्यांचे ड्रम सुट्या ऑडिओ ट्रॅकवर काढून ठेवले, पहिल्या मापापासून, २४ बिट, इफेक्टशिवाय. चार मिनिटांच्या गाण्याचे १२ मोनो ट्रॅक म्हणजे ४१५ एमबी. सोबत मिडी फाइल, आणि कोणत्या नोटवर काय आहे याची यादी साध्या मजकुरात. जुने प्लगइन एखाद्या प्रणाली-बदलात उघडेनासे होते तेव्हा यामुळेच गाणी वाचतात. २०१९ साली मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिट सॉफ्टवेअर चालवणे थांबवले, तेव्हा ज्यांनी हे केले नव्हते त्यांना जुने प्रकल्प उघडण्यासाठी जुना संगणक सांभाळावा लागला.

नव्या लायब्ररीत पहिली गडबड हाय-हॅटचीच झाली. मित्राने वाजवलेल्या शेवटच्या भागात ती सुंदर उघडली. मग गाणे पुन्हा सुरुवातीपासून लावले तर पहिल्या कडव्यात, माउसने टाकलेल्या बंद हॅटच्या जागीही उघडीच वाजू लागली. कारण असे, की माउसने टाकलेल्या भागात सीसी४ ची एकही नोंद नव्हती. लायब्ररीने शेवटची मिळालेली किंमत धरून ठेवली, आणि ती शेवटच्या कोरसची होती. प्रत्येक भागाच्या पहिल्या नोटच्या दहा टिक आधी सीसी४ ची ‘बंद’ किंमत लिहिली. या किटवर पेडल पूर्ण दाबलेले १२७ आणि सोडलेले ० येते. उलटी दिशा पाठवणारी उपकरणेही असतात, म्हणून पेडल एकदा दाबून किंमत पाहूनच लिहावी. कडव्याच्या शेवटच्या दोन मापांत तीच रेषा हाताने ओढली: १२७ वरून ९० पर्यंत सावकाश, तिथून ४० पर्यंत झपाट्याने, आणि कोरसच्या पहिल्या क्रॅशवर ०. क्रॅशच्या आधीच्या शेवटच्या एट्थवर हॅटची नोट ठेवली नाही. तो हात तोवर क्रॅशकडे निघालेला असतो.